विशारदच्या आधीचे प्रश्न

नृत्य शिकणाऱ्या मुलीच्या घरात नववीच्या सुट्टीत एक चर्चा हमखास होते. दहावीचे वर्ष क्लास बंद ठेवायचा की चालू? आजीचे म्हणणे, आता अभ्यास बघा. आई म्हणते, मध्यमा पूर्ण झाली, विशारद तोंडावर आली आहे. वडील गुणांचा हिशेब मांडतात, कारण शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात. मुलगी बहुधा गप्प असते. घरातल्यांना वाटते, आपण मोठा निर्णय घेत आहोत. खरे तर मोठे निर्णय केव्हाच होऊन गेलेले असतात. कोणाकडे शिकायचे, आठवड्याला किती तास, कसल्या जमिनीवर, त्यासाठी कोणता खेळ आणि कोणत्या मैत्रिणी सोडायच्या, हे सगळे सातव्या-आठव्या वर्षी ठरले आणि ठरवताना तो निर्णय आहे हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. क्लास घराजवळ होता, शेजारची मुलगी जात होती, एवढ्यावर भागले.

नृत्यशिक्षणातला धोका मला इथे दिसतो. मुलीपुढचे पर्याय एकेक करून, गाजावाजा न होता बंद होत जातात, आणि ती स्वतः निवड करण्याच्या वयाची होते तेव्हा निवडायला फारसे काही उरलेले नसते. फी भरणे, क्लासला नेणे-आणणे, कार्यक्रमाच्या दिवशी गंगावण घालून देणे हा आधार खराच. पण अठराव्या वर्षापर्यंत मुलीला पुढे जाण्याइतकेच मागे फिरणेही शक्य राहावे, हे बघणारे घरात दुसरे कोणी नसते. ते काम पालकांचेच, आणि तेच सहसा राहून जाते.

परीक्षांपासून सुरुवात करू, कारण महाराष्ट्रात नृत्याचा सगळा हिशेब तिथूनच मांडला जातो. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते घराण्यांच्या बंद दारांबाहेर संगीत यावे म्हणून. पुढे १९३१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाने त्या शिक्षणाला परीक्षांची चौकट दिली: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. आपल्या मध्यमवर्गाला ही चौकट लगेच मानवली, कारण ती शाळेसारखी दिसते. इयत्ता आहेत, प्रमाणपत्र आहे, श्रेणी आहे. ज्या गावात नृत्याचे एकही सभागृह नव्हते तिथे या परीक्षांनी नृत्य नेले, हे श्रेय मोठे आहे. पण दरवर्षी एक परीक्षा पार पडली की प्रगती मोजून झाली, असा समज घरात बसतो. कित्येक क्लासमध्ये परीक्षेपुरते तोडे-तुकडे बसवून घेतले जातात, लेखी पेपरासाठी टिपणे पाठ होतात, आणि सोळा-सतरा वर्षांची मुलगी विशारद होते. तिला वेगळ्या तालात चार आवर्तने स्वतः बांधायला सांगा, किंवा ओळखीचा लहरा थोडा चढ्या लयीत द्या. तिथे जे दिसते ते प्रमाणपत्रावर कुठेच लिहिलेले नसते.

आणखी एक साधी गोष्ट पालक विचारत नाहीत. विशारद ही विद्यापीठाची पदवी नव्हे. काही ठिकाणी ती पुढच्या प्रवेशासाठी ग्राह्य धरतात, काही ठिकाणी नाही. जिथे मुलीला जायचे आहे तिथल्या कार्यालयाकडून हे लेखी घ्यावे. क्लासच्या ताईंनी सांगितले, सिनियर मुलीला चालले होते, यावर विसंबू नये. विशारद आहेच, मग पदवी कशाला, म्हणून बारावीनंतर कॉलेज अर्ध्यावर सोडणाऱ्या मुली असतात, आणि पंचविशीत शिक्षिकेच्या नोकरीसाठी अर्ज करताना त्यांना त्याची किंमत कळते.

पूर्णवेळ नृत्य शिकायचे ठरले तर वाटा बऱ्याच आहेत आणि त्या एकमेकींसारख्या अजिबात नाहीत. पुणे विद्यापीठात १९८७ पासून ललित कला केंद्र आहे, तिथे नृत्यात बी.ए., एम.ए. करता येते. मुंबईत कनक रेळे यांनी उभे केलेले नालंदा नृत्यकला महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. दिल्लीचे कथक केंद्र १९६४ चे. चेन्नईचे कलाक्षेत्र रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ मध्ये स्थापन केले आणि १९९३ च्या संसदेच्या कायद्याने ते राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झाले. तिथला मूळ अभ्यासक्रम पदविकेचा. केरळ कलामंडलम् १९३० चे, कवी वळ्ळत्तोळ यांच्या पुढाकाराने सुरू झालेले. तिथे आठवीपासूनच मुले शालेय विषय आणि कला एकत्र शिकतात. मराठी घरातून तेराव्या वर्षी मूल तिकडे पाठवणारे थोडेच, पण या व्यवस्थेकडे बघण्यासारखे आहे. शालेय शिक्षण तिथे कलेसोबत एकाच छपराखाली चालते, पालकांच्या धावपळीवर सोडलेले नाही.

या नावांपैकी कोणते मोठे, यावर घराघरांत वाद होतात. त्यापेक्षा शेवटी हातात काय पडते ते विचारावे: विद्यापीठाची पदवी की संस्थेची पदविका, आणि पदविका असेल तर तिच्यावर एम.ए.ला प्रवेश मिळतो का. बानीचा, म्हणजे नृत्याच्या शैलीचा, प्रश्नही आधीच समजून घ्यावा. नाशिकला किंवा कोल्हापुरात दहा वर्षे एका पद्धतीचे भरतनाट्यम् शिकलेली मुलगी कलाक्षेत्रात गेली तर तिला तट्टडवूपासून, म्हणजे अगदी पहिल्या पाठापासून, पुन्हा उभे राहावे लागते. हात वेगळा, बैठक वेगळी, कंबरेची रेघ वेगळी. गावच्या क्लासमध्ये जी कायम पहिल्या रांगेत होती ती तिथे वर्षभर कोणाच्या नजरेतही भरत नाही. काहींना ही पडझड मानवते, त्यातून त्या नव्याने घडतात. काही मुली पहिल्या सहामाहीतच परत येतात. परत आलेल्या मुलीच्या घरी जे बोलले जाते ते तिला नृत्यापेक्षा जास्त काळ लक्षात राहते.

संस्था बघायला जायचे तर महोत्सवाच्या दिवसांत जाऊ नये. साध्या मंगळवारी, पावसाळ्यात, सकाळच्या पहिल्या तासाला जावे. वसतिगृहाची मेस बघावी. दुसऱ्या वर्षाच्या मुलींशी बोलावे, कारण पहिल्या वर्षीच्या भारावलेल्या असतात आणि शेवटच्या वर्षीच्यांना आता संस्थेचे नाव लावायचे असते. मध्येच सोडून गेलेली एखादी विद्यार्थिनी गाठता आली तर तिच्याशी तासभर बोलणे संस्थेच्या सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा उपयोगाचे.

आता शरीराकडे येतो. नृत्याचा विषय निघाला की आपण रियाज, रसिकता, परंपरा यांवर तासन्‌तास बोलतो, पण गुडघ्यावर दोन वाक्येही बोलत नाही. अरमंडीत, म्हणजे भरतनाट्यम्‌च्या अर्ध्या बैठकीत, पाय बाहेर वळतात ते खुब्याच्या सांध्यातून वळायला हवेत. खुब्याची खोबण किती खोल आणि कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हे बहुतांशी जन्मतःच ठरलेले असते. सराव स्नायूंना घडवतो, हाड बदलत नाही. ज्या मुलीचा खुबा तेवढा वळत नाही तिने चित्रासारखी बैठक दाखवायला पावले जबरदस्तीने बाहेर फिरवली की तो पीळ गुडघ्यावर येतो आणि पायाची कमान खचते. कथकचे दुखणे निराळे. तत्कारात, म्हणजे पायांच्या कामात, तासाभरात पाऊल हजारो वेळा आपटते, आणि आपले बहुतेक क्लास सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा शाळेच्या वर्गात, म्हणजे काँक्रीटच्या स्लॅबवर बसवलेल्या फरशीवर चालतात. लाकडी जमीन हा चोचला नाही. नवीन क्लास निवडताना वाकून जमीन हाताने बघणारा पालक मला अजून भेटलेला नाही. भिंतीवरची सन्मानचिन्हे मात्र सगळे बघतात.

मुलींच्या बाबतीत साधारण अकरा ते तेरा या वयात उंची झपाट्याने वाढते. हाडे आधी वाढतात, स्नायू मागून येतात, त्यामुळे काही महिने अंग ताठर होते, तोल बिघडतो. काल नीट येणाऱ्या चकरा आज हुकतात. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखू लागते. ही वाढीची खूण आहे, तिला थोडी उसंत आणि कमी उड्या लागतात. नेमक्या याच काळात क्लासमध्ये ऐकू येते, ‘लक्ष नाही हल्ली’, आणि घरी ऐकू येते, ‘मोबाइल कमी कर’. मग ती दुखणे सांगायचे सोडते. एकदा का दुखणे लपवण्याची सवय लागली की पुढच्या वीस वर्षांचे नुकसान तिथे सुरू होते.

खाण्याचा प्रश्न याला जोडूनच येतो. कार्यक्रमासाठी कपडे शिवणारा माप घेताना सहज बोलतो, ताई हसत हसत काही म्हणतात, आणि चौदा वर्षांची मुलगी रात्रीची पोळी सोडते. सराव तेवढाच, खाणे कमी, की शरीर पहिली काटछाट पाळीत करते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंमधल्या या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले: खर्चाच्या मानाने शरीराला ऊर्जाच कमी पडणे. नर्तकींना ते तंतोतंत लागू आहे. हाडे भरून येण्याची मुख्य वर्षे विशीच्या आतबाहेर संपतात, म्हणजे पंधराव्या वर्षीची उपासमार चाळिशीतल्या हाडात उतरते. पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, किंवा आलेली सलग तीन महिने थांबली असेल, तर डॉक्टरकडे जावे. कार्यक्रम होऊन जाऊ दे मग बघू, असे म्हणू नये.

सगळ्यात अवघड विषय गुरूचा. आपल्याकडे क्लासच्या बाईंना ताई म्हणतात, आणि त्या हाकेत जिव्हाळा असतो. पुण्यात १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू करणाऱ्या रोहिणी भाटे शिष्यांच्या बेबीताई होत्या; त्यांच्या शिष्यांनी कथक महाराष्ट्रभर नेले ते याच जिव्हाळ्याच्या बळावर. तो मी नाकारत नाही. पण ज्या नात्यात प्रश्न विचारणे हाच उद्धटपणा ठरतो, त्या नात्याचा गैरफायदा घेणे फार सोपे असते. कोणाला एकल नृत्य मिळेल, कोणाला महोत्सवात नेले जाईल, हे एकच माणूस ठरवतो. ओरडणे ही शिकवण्याची रीत मानली जाते. पालकांनी दहा वर्षे आणि बराच पैसा घातलेला असतो, त्यामुळे मुलीची तक्रार ऐकून घेणेही त्यांना परवडत नाही. या चार गोष्टी एकत्र आल्या की गप्प बसण्याची पक्की व्यवस्था तयार होते. तिला दुष्ट माणसाची गरज असतेच असे नाही. पण तो आला तर त्याला ती आयती मिळते.

मार्च २०२३ च्या अखेरीस कलाक्षेत्रातल्या विद्यार्थिनी लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन आंदोलनाला बसल्या. एप्रिलमध्ये एका सहायक प्राध्यापकाला अटक झाली, प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेले. कोण दोषी हे ठरवणे न्यायालयाचे काम. पालकांनी बघायचे ते असे, की संसदेच्या कायद्याने उभ्या असलेल्या संस्थेतसुद्धा मुलींना आपले म्हणणे ऐकले जावे म्हणून आवारात बसावे लागले. हा आपल्याकडचाच दोष, असेही नाही. व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेराची बॅले अकादमी २०१९ मध्ये मुलांना मारहाण आणि अपमान होत असल्याच्या बातम्यांनी हादरली, आणि मुलांना पुरेसे संरक्षण नव्हते असा निष्कर्ष चौकशी समितीने काढला. इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी मुले निवासी बॅले शाळेत जातात. तिथल्या रॉयल बॅले स्कूल आणि एल्महर्स्ट या नामांकित शाळांचे माजी विद्यार्थी २०२३ मध्ये बीबीसीच्या कार्यक्रमात वजनावरून झालेल्या मानहानीबद्दल बोलले. तिन्ही ठिकाणची नावे त्या त्या देशात पहिल्या ओळीतली. नावाच्या मोठेपणावरून मूल सुरक्षित आहे असे अनुमान काढता येत नाही. उलट नाव जितके मोठे तितके बोलणे महाग पडते.

मोठ्या संस्थेत निदान तक्रारीची समिती असावी लागते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. आपल्या गल्लीतला क्लास ताई आणि त्यांच्या दोन ज्येष्ठ शिष्या चालवतात; तिथे अशी समिती नसते, जिल्ह्याची स्थानिक समिती कुठे बसते हे कोणाला ठाऊक नसते. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, आणि गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे त्यात सक्तीचे आहे. क्लासचे नाव खराब होईल म्हणून आपसात मिटवणे हे त्या कायद्याच्या विरुद्ध आहे. दैनंदिन पातळीवर मात्र कायद्याआधी साध्या रीती कामाला येतात: एकटीचा सराव बंद दाराआड नको, रात्री उशिरा शिक्षकांचे खासगी निरोप मुलीच्या फोनवर नकोत, दौऱ्यावर खोली कोणाबरोबर हे आधी कळावे. हे विचारल्यावर जे गुरू रागावतात त्यांच्या रागातूनच आपल्याला उत्तर मिळते. याचा अर्थ आईने रोज क्लासच्या दारात खुर्ची टाकून बसावे असा नाही. तशा आयाही मी पाहिल्या आहेत. त्यांच्या मुली आरशात बघायच्या ऐवजी दाराकडे बघून नाचतात.

पैशाबद्दल थोडक्यात. अरंगेत्रम्, म्हणजे भरतनाट्यम् शिकणाऱ्या मुलीचा पहिला जाहीर एकल कार्यक्रम, म्हटले की सभागृह, नटुवांगम्, गायन, मृदंगम्, व्हायोलिनची साथ, वेशभूषा, छायाचित्रण, जेवण धरून खर्च काही लाखांत जातो. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत तो बारावीच्या आतच उरकण्याची घाई असते, कारण कॉलेजच्या अर्जात त्याचा उल्लेख करता येतो. इकडेही ते वारे पोचले आहे. दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघावे. सीसीआरटीची (केंद्राच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची) १० ते १४ वयाच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती वर्षाला ३,६०० रुपये आणि मर्यादित शिक्षणशुल्क देते. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलावंतांसाठीची योजना दोन वर्षे महिना ५,००० रुपये देते. शास्त्रीय नृत्यांगनेचे उत्पन्न मुख्यतः शिकवण्यातून येते, कार्यक्रमांतून क्वचित, आणि काही महोत्सवांत तर नाचणाऱ्यांकडूनच पैसे घेतले जातात. एका संध्याकाळवर खर्चलेली रक्कम त्याच मुलीला विशीत दोन वर्षे दुसऱ्या शहरात राहून शिकायला पुरली असती का, हा हिशेब घरात एकदा तरी कागदावर मांडावा.

टीव्हीवरच्या स्पर्धांचे गणित आणखी वेगळे. १४ वर्षांखालच्या बालकलाकारांसाठी बालकामगार कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांत दिवसाला पाच तासांची, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांची आणि सलग २७ दिवसांची मर्यादा आहे, आणि कमाईतला किमान २० टक्के वाटा मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावा लागतो. कराराच्या कागदावर सही करणाऱ्या पालकाने हे नियम वाचलेले असावेत, एवढी तरी अपेक्षा आहे.

शाळा सोडवून बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, किंवा मुक्त विद्यालयातून दहावी द्यायची, म्हणजे सरावाला वेळ मिळेल, असा सल्ला हल्ली काही क्लासमधून मिळतो. क्वचित एखाद्या मुलीच्या बाबतीत तो योग्यही ठरतो. पण हा सल्ला कोण देते ते बघावे. मुलीने मागितले असेल तर एक गोष्ट, गुरूने सुचवले असेल तर दुसरी, आणि आईला ते स्वतःच्या मोडलेल्या शिक्षणाची भरपाई वाटत असेल तर तिसरी. शाळा ही नृत्याबाहेरची एकमेव जागा असते जिथे ती मुलगी चांगली नर्तकी म्हणून ओळखली जात नाही, नुसती वर्गातली एक मुलगी असते. ती जागा काढून घेतली की तिची सगळी ओळख एका क्लासच्या मर्जीवर उभी राहते.

मुलग्यांबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण त्यांचा प्रश्न उलट बाजूने येतो. मुलाला पहिल्या वर्षापासून डोक्यावर घेतले जाते, कारण क्लासमध्ये तो एकटाच असतो. आणि शाळेच्या बसमध्ये त्याच्या चालण्याची नक्कल होते. पहिले कौतुक त्याला स्वतःची पातळी कळू देत नाही, दुसऱ्यातून तो एकटा पडतो. बहुतेक मुलगे बाराव्या-तेराव्या वर्षी सोडतात, आणि घरातला सुटकेचा निःश्वास त्यांना ऐकू जातो.

सोडण्याची वेळ आलीच तर ते गुरूंना कसे सांगायचे, याची घरात कोणी तयारी केलेली नसते. मग मुलगी आधी आजारी पडते, मग परीक्षेचे कारण सांगते, मग फोन उचलत नाही, आणि बारा वर्षांचे नाते एका न उचललेल्या फोनवर संपते. तिला एकटीला पाठवू नये. आई-वडिलांपैकी एकाने वेळ घेऊन तिच्याबरोबर जावे, बसावे, आणि तिला सांगता आले नाही तर आपण सांगावे: ती थांबते आहे, तुम्ही जे शिकवलेत ते तिच्याजवळ राहील, उरलेली फी अशी. गुरुपौर्णिमेला नमस्काराला येऊ का, हेही तिथेच विचारून घ्यावे. बऱ्याच ताई ‘ये’ म्हणतात.